मुलुंडच्या सावलीत राय गवताचा हंगाम

आमच्या सोसायटीची मागची मोकळी जागा इमारतीच्या उत्तरेला आहे. पुढचं सगळं या एका दिशेमुळे घडलं, म्हणून आधी उन्हाचा हिशेब सांगते. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. मधल्या काळात तर तो माध्यान्हीला किंचित उत्तरेकडेच असतो. त्यामुळे उन्हाळ्यात मागच्या अंगणात उन्हाला तोटा नाही. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे इतका कलतो की भर दुपारीही इमारतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब पडते. सात मजल्यांच्या मागे मग काय उरणार? दोन विंगांच्या फटीतून सकाळी तिरपं ऊन तेवढं येतं, बाकी दिवसभर फक्त आकाशाचा उजेड.

त्या जागेत हरळी आहे. हरळी म्हणजे आपली दूर्वा. भर उन्हात ती कशालाही दाद देत नाही, पण सावली तिला सोसत नाही. दिवाळी उलटली की ती विरळ व्हायला लागायची, पोरांच्या पायांखाली उरलेलीही जायची, आणि नाताळपर्यंत लाल माती उघडी पडायची. वर्षानुवर्षं हेच. २०२१च्या पावसाळ्यानंतर कमिटीच्या बैठकीत विषय निघाला की इथे पेव्हर ब्लॉक टाकून दोन गाड्यांची सोय करावी. आमच्या आवारात पाणी मुरायला राहिलेली ती शेवटची जागा. मी म्हटलं, एक हिवाळा मला द्या, जागा हिरवी ठेवून दाखवते, मग काय ते ठरवा. सेक्रेटरी काका भले माणूस आहेत. म्हणाले, "ताई, मार्चपर्यंत थांबतो. पण खर्च बेताचा."

सर्वांत सोपा उपाय म्हणजे घोडबंदर रोडच्या नर्सरीतून लॉनच्या तयार चटया आणून अंथरणं. पण तिथे मिळणाऱ्या लॉनच्या बहुतेक जाती उष्ण हवेतल्या, सगळ्यांना ऊन हवं. डिसेंबरात आणून सावलीत टाकल्या की महिन्याभरात हरळीच्याच वाटेने जाणार. दुसरं असं की चटया अंथरायच्या तर जुनं गवत मुळासकट काढावं लागतं, आणि तळमजल्यावरच्या आजींनी मला आधीच बजावून ठेवलं होतं, "काय करायचं ते कर बाई, पण माझ्या दूर्वा खणू नकोस. संकष्टीला बाजारातली जुडी घ्यायची वेळ आणू नकोस माझ्यावर." म्हणजे हरळी जमिनीत जशीच्या तशी राहिली पाहिजे आणि तिच्या अंगावर दुसरं काहीतरी थंडीपुरतं उगवलं पाहिजे.

तसं एक गवत आहे, राय. थंड हवेच्या हिरवळीसाठी जगभर जी गवतं लावतात त्यात राय, टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास आणि बेंटग्रास ही मुख्य. विम्बल्डनची कोर्टं २००१पासून निव्वळ बारमाही रायची आहेत, ८ मिलिमीटरवर कापलेली. अमेरिकेच्या दक्षिण भागात हिवाळ्याच्या तोंडाशी हरळीवर रायचं बी फेकतात आणि उन्हाळा आला की ती जागा पुन्हा हरळीला देतात. ही रीत मुलुंडला चालेल का, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता.

हे गवत मुंबईत का टिकत नाही, हे नीट कळल्याशिवाय ते इथे लावू नये. हरळी, ऊस, मका, ज्वारी ही एका पद्धतीने अन्न तयार करतात. राय, फेस्क्यू आणि गहू दुसऱ्या पद्धतीने. या दुसऱ्या गटात हवेतला कार्बन डायऑक्साइड धरणारं जे विकर (एन्झाइम) असतं, ते तापमान चढलं की ऑक्सिजनलाही जास्त धरू लागतं आणि केलेली कमाई वाया जाते. हरळीने यावर तोड काढलेली आहे, रायने नाही. दिवसा १६ ते २४ अंशांत राय खूश असतं. मुंबईत जानेवारीतही दुपारी पारा ३०वर जातो. मग दिवसाचा तोटा भरून काढायचा कधी? रात्री. पानांनी दिवसा केलेलं अन्न रात्री श्वसनात खर्च होतं, आणि रात्र जितकी गार तितका खर्च कमी. म्हणून इथे दुपारच्या आकड्याकडे बघून उपयोग नाही, पहाटेचा आकडा बघायचा. तो २०च्या खाली उतरला की रायचा हंगाम सुरू, आणि पुन्हा वर चढला की संपला. कुलाब्यापेक्षा सांताक्रूझच्या रात्री गार, आणि डोंगराच्या पायथ्याशी मुलुंड, बोरिवलीकडच्या त्याहून गार. मरीन ड्राइव्हवर कुणी हे करू म्हणालं तर मी नको म्हणेन.

थोडक्यात, राय हे इथे रब्बीचं पीक आहे. गव्हासारखंच थंडीत पेरायचं, थंडी सरताना सोडून द्यायचं. लॉन म्हणून त्याच्याकडून बारा महिन्यांची अपेक्षा ठेवली की दुःखच पदरी येतं.

बी मिळवणं हे पहिलं काम. उत्तरेत मखन घास नावाने जे चाऱ्याचं बी मिळतं तेही रायच, पण वार्षिक जातीचं. पान रुंद, वाढ भसाभस, आठवड्यात दोनदा कापायला लागेल असं. मला बारमाही जातीचं, बारीक पानांचं हवं होतं. विकणारे दोन्हीला राय ग्रासच म्हणतात, म्हणून पिशवी आली तशी मी मूठभर बी वर्तमानपत्रावर पसरलं आणि भिंगाखाली पाहिलं. वार्षिक रायच्या दाण्याला टोकाशी बारीक कुसळ असतं, बारमाहीच्या दाण्याला नसतं. माझ्या पिशवीत अधूनमधून कुसळवाले दाणे होते, पण थोडे. उगवल्यावर आणखी एक खूण सापडते. नवं पान बाहेर येताना बारमाही जातीत ते मधोमध घडी घातलेलं असतं, वार्षिक जातीत गुंडाळलेलं. बोटांत धरून किंचित फिरवलं की घडी लगेच जाणवते.

जागा साडेपाचशे चौरस फूट, म्हणजे साधारण ५० चौरस मीटर. भिंतीलगतची एक पट्टी मी आधीच सोडून दिली. तिथे ऊन नाहीच, वरच्या एसीचं पाणी ठिबकतं, तिथे फर्न आणि सिंगोनियमच बरे. उरलेल्या जागेला चौरस मीटरला ४० ग्रॅमप्रमाणे दोन किलोच्या आत बी लागलं. रायचे एका ग्रॅमला साधारण ५०० दाणे बसतात. म्हणजे बी नीट पडलं की नाही हे पाहायचं तर जमिनीवर वाकायचं आणि एका चौरस सेंटिमीटरला दोन दाणे दिसतात का ते बघायचं. तराजूपेक्षा ही खूण मला जास्त उपयोगी पडली.

आमची जमीन म्हणजे वर चार-पाच इंच लाल माती आणि खाली बिल्डरने सोडलेलं डेब्रिज. नव्या इमारतींच्या आवारात बहुतेक ठिकाणी हेच सापडेल. कोपऱ्यात गटाराच्या चेंबरजवळ माती इतकी दाबली गेली होती की पाणी वरच उभं राहायचं. माळीदादांनी नोव्हेंबरच्या मध्यावर हरळी अगदी जमिनीलगत कातरली, दाताळ्याने तळाचा वाळका थर ओढून काढला. त्या थरावर बी पडलं तर ते अधांतरी राहतं, मुळाला माती सापडत नाही, त्यामुळे ही ओढणी जीव लावून करायची असते. ओढून झाल्यावर लोखंडी काट्याने वीतभर अंतरावर भोकं पाडली. मग चाळलेलं गांडूळखत आणि धुतलेली रेती समप्रमाणात मिसळून त्यात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपकारक बुरशी, घातलं आणि अर्धा सेंटिमीटर थर अंथरला. ताजं शेणखत मी मुद्दाम टाळलं, त्यातून लव्हाळ्याच्या गाठी आणि तणाचं बी हमखास येतं.

पेरताना बी दोन भागांत केलं. एक भाग पूर्व-पश्चिम फिरत, दुसरा उत्तर-दक्षिण. बी हलकं असतं आणि वाऱ्यावर उडतं, म्हणून दुप्पट कोरडी रेती मिसळून मुठीने फेकलं. वरून दाताळ्याची पाठ हलकेच फिरवली आणि एक फळी टाकून तिच्यावर चालत गेलो. दाणा मातीला चिकटला पाहिजे, पण पुरला जाता कामा नये. अर्ध्या सेंटिमीटरच्या खाली गेला तर उगवण घटते.

आणि मग कबुतरं. मुंबईत उघड्यावर बी टाकायचं आणि कबुतरांचा विचार करायचा नाही, हे शक्यच नाही. आम्ही हिरवी जाळी विटांवर ताणून जमिनीपासून वीतभर उंच बांधली. जाळी जमिनीवर टेकवली असती तर कोंब तिच्यातून वर येऊन अडकले असते आणि काढताना उपटले गेले असते. मुंग्यांनी मात्र कडेचं बरंच बी ओढून नेलं, त्याला जाळीचा काय उपयोग. त्या कडेला मी दुसऱ्यांदा मूठ टाकली.

पाणी हा खरा वादाचा विषय ठरला. माळीदादा चार सोसायट्या सांभाळतात, आमच्याकडे संध्याकाळी येतात. उगवण होईपर्यंत दिवसातून तीन वेळा झारीने नुसता शिडकावा लागतो, माती वरवर ओली राहील इतकाच. उगवून आल्यावर मात्र संध्याकाळचं पाणी अजिबात चालत नाही. रात्रभर पानं ओली राहिली की बुरशीला तेवढंच पाहिजे असतं. शेवटी सकाळपाळीच्या वॉचमनशी बोलले. ते मूळचे संगमेश्वरचे, घरी भाताची शेती. काय करायचं आणि का, हे त्यांना अर्ध्या वाक्यात कळलं. सहा वाजता बोअरिंगच्या पाण्याची पाइप लावून ते पाणी द्यायचे, आणि शिरस्ता असा की पानावर नको, मुळाला.

राय उगवायला फार वाट पाहायला लावत नाही. आठवड्याच्या आत मातीवर हिरवी लव दिसली. पहिली पानं इतकी बारीक असतात की उभ्याने दिसतच नाहीत, बसून तिरपं पाहावं लागतं. खालच्या बाजूने पान चकचकीत आणि बुडाशी कोंब जांभळट लाल. हा लाल बुंधा ही रायची खूण आहे, हरळीच्या नव्या फुटीत आणि यात घोळ होत नाही.

हे सगळं मनासारखं चाललं असताना १ डिसेंबरला अवकाळी पाऊस आला. त्या वर्षीचे डिसेंबरचे पहिले दिवस मुंबईकरांना आठवत असतील, पावसाळ्यासारखा दिवसभर लागून राहिला होता. पाऊस पडला यापेक्षा ढगांमुळे रात्र गार होईना, हे वाईट. रात्र उबदार, हवा दमट, रोपं दोन पानांवर. तिसऱ्या दिवशी पहाटे टॉर्च घेऊन खाली गेले, तर चेंबरजवळच्या भागात गवतावर पांढरे तलम धागे पसरलेले. प्रथमदर्शनी कोळ्याचं जाळं वाटतं, पण कोळ्याचं जाळं पानांच्या टोकांवर ताणलेलं असतं आणि त्यावर दवाचे थेंब गोल उभे राहतात. हे धागे पानांना लगटून होते. खालची पानं तेल लागल्यासारखी काळपट, एकमेकांना चिकटलेली, बोट लावलं तर घसरत होती. ऊन वर आलं तसे धागे दिसेनासे झाले आणि मागे पिंगट चट्टे राहिले.

हा पिथियम, बुरशीसारख्या जीवामुळे होणारा रोग. थंड हवेच्या गवतांचा उष्ण प्रदेशातला सर्वांत मोठा वैरी. रात्र २० अंशांच्या वर, दिवस ३०च्या आसपास आणि पान ओलं, एवढं जुळून आलं की एका रात्रीत चट्टा पसरतो. पाण्याबरोबर वाहतो, चपलेच्या तळव्याबरोबर जातो, कापणीच्या यंत्राबरोबरही. रसायनं आहेत, पण त्या जागेत लहान मुलं आणि दोन कुत्री दिवसभर लोळतात, म्हणून मी फवारणीच्या वाटेला गेले नाही. पाणी पूर्ण थांबवलं. ठरलेला युरियाचा हप्ता रद्द केला, कारण नत्राने पान लुसलुशीत होतं आणि बुरशीला आयतं सापडतं. चट्ट्याच्या बाहेर हातभर अंतरावरून दोरी बांधून पोरांना आत जायला मनाई केली. वॉचमनदादांनी चेंबरच्या कडेने सळईने बोटभर खोलीची चरी काढून दिली, साचलेलं पाणी तासाभरात उतरलं. आभाळ मोकळं झालं, रात्री गार झाल्या आणि चट्टे तिथेच थांबले.

गेलेल्या जागी मी लगेच बी टाकलं नाही. वाफसा येऊ दिला, वरची अर्धा इंच माती खरवडून काढून टाकली, ताजी रेती-खत भरली आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पहाट खरोखर गार झाल्यावर, दुसरी पेरणी केली. या वेळी बी मोड आणून टाकलं. आमच्या माहेरी रोह्याकडे भाताचं रहू करतात तसंच. बी रात्रभर भिजवून गोणपाटात बांधलं, दिवसातून दोनदा पाणी शिंपडून उलटलं, आणि पांढरं टोक दिसल्याबरोबर रेतीत घोळून पसरलं. टोक लांबू द्यायचं नाही, नाहीतर फेकताना मोडतं. मोडाचं बी भराभर धरलं, आठवड्याभरात नवं-जुनं ओळखू येईना.

जानेवारी २०२२ रायच्या नशिबाने चांगला गेला. मुंबईच्या थंडीला लोक हसतात, पण सांताक्रूझला १९६२च्या जानेवारीत ७.४ अंशांची नोंद आहे, आणि २०२२च्या त्या महिन्यातही बऱ्याच पहाटा शाल घ्यायला लावणाऱ्या होत्या. गवत फुटव्यावर आलं. राय किंवा फेस्क्यू हरळीसारखं धावत नाही, जमिनीखालून किंवा वरून लांब काड्या टाकत नाही. एका रोपाला बुडातून फुटवे येतात आणि झुपका भरत जातो. म्हणून उघडी जागा आपोआप भरेल या आशेवर राहायचं नसतं, तिथे बीच टाकावं लागतं. फुटवे यायला दोन गोष्टी लागतात, माफक नत्र आणि वेळेवर कापणी. चौरस मीटरला सहा-सात ग्रॅम युरिया, म्हणजे साधारण तीन ग्रॅम नत्र, रेतीत मिसळून कोरड्या पानावर फेकला आणि लगेच पाणी देऊन मातीत उतरवला. तीन-साडेतीन आठवड्यांनी पुन्हा तेवढाच. रंग फिका वाटला तर नत्र न वाढवता हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, अगदी पातळ करून देते. गवत गर्द होतं आणि उंची वाढत नाही. फरशीवर मात्र त्याचे गंजाचे डाग पडतात, पेव्हरच्या कडेला जपून.

कापणीचा नियम सोपा आहे, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही. सात सेंटिमीटर झालं की पाचवर आणायचं. पाचाच्या खाली मी जानेवारीत कधी येऊ दिलं नाही, सावलीत पान हीच कमाई. पहिल्या कापणीनंतर दुसऱ्या दिवशी सगळ्या हिरवळीवर पांढुरकी छटा आली. जवळून पाहिलं तर प्रत्येक पानाचं टोक दोऱ्यासारखं पिंजलेलं. रायच्या पानात चिवट तंतू असतात, पातं बोथट असेल तर ते कापत नाही, ओढून फाडतं, आणि फाटलेल्या टोकातून पाणीही जातं, रोगही शिरतो. रस्त्यावरून सायकलचं चाक फिरवत जाणाऱ्या धारवाल्याला थांबवून मोवरचं पातं घासून घेतलं. पुढच्या वेळी कापलं तेव्हा टोकं सरळ, आणि ज्या दिशेने यंत्र गेलं त्या दिशेने पानांची चकचकीत बाजू उजेडाला लागून पट्टे उमटले. ते पट्टे पाहायला चौथ्या मजल्यावरून लोक गॅलरीत आले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

कापलेलं गवत कुणाला द्यायचं, हा इथे नाजूक प्रश्न आहे. नाक्यावर गाय घेऊन बसणाऱ्या बाई आहेत, आणि एवढं कोवळं गवत कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायचं म्हटल्यावर आजी नाराज झाल्या. पण लॉनसाठी तयार केलेल्या राय आणि फेस्क्यूच्या बऱ्याच जातींच्या पेशींमध्ये एक बुरशी मुद्दाम राखलेली असते. ती किडींपासून गवताला वाचवते आणि तिच्यातली द्रव्यं गुराला बाधतात. जनावर थरथरतं, तोल जातो, त्यासाठी इंग्रजी मुलखात वेगळं नावही आहे. शिवाय बियांना औषध लावलेलं असतं. चाऱ्याचं राय वेगळं, लॉनचं वेगळं. आजींना हे समजावून सांगितलं, त्यांनी पटवून घेतलं, आणि सगळं कापलेलं गवत खड्ड्यातच गेलं.

त्या महिन्यात शाळा पुन्हा बंद झाल्या होत्या. ओमायक्रॉनची लाट. बागा, मैदानं यांच्याबद्दल सगळ्यांच्या मनात भीती, त्यामुळे इमारतीतली पंधरावीस पोरं या एका तुकड्यावर. मी आधी धास्तावले होते. पण फुटबॉलच्या मैदानांवर जगभर राय का लावतात ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. पान चिवट, तुडवलं तरी परत उभं राहतं. क्रिकेटची खेळपट्टी तेवढी मी दर आठवड्याला हातभर सरकवायला लावायची. पोरांनी ते खुशीने केलं, आणि मोठ्या दोघांनी कापणीच्या उंचीची पट्टी लावून मोजायची जबाबदारी स्वतःहून घेतली.

२३ जानेवारीला वेगळंच संकट. पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीच्या वादळाने मुंबईवर धुरकट पडदा पसरला, गाड्यांवर पांढरी धूळ, गवतावरही. आधीच उजेड कमी, त्यात पानावर थर. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन येण्याआधी नव्हे तर ऊन लागल्यावर, झारीने पानं धुतली म्हणजे तासाभरात सुकावीत. त्याच धुळीच्या दिवसांत दुपारचा पारा २५च्या खाली राहिला. रायला इतका योग्य दिवस मुंबईत क्वचितच मिळतो, आणि गवताचा रंग त्या आठवड्यात जसा होता तसा मी पुन्हा पाहिलेला नाही.

सोबत आणखी दोन गवतं करून पाहिली होती. एका कोपऱ्यात टॉल फेस्क्यू. ते उगवायला रायपेक्षा आठवडाभर जास्त घेतं, पान रुंद आणि जरा खरखरीत, पण सावली जास्त सोसतं आणि मूळ खोल जातं. ते एप्रिल उलटेपर्यंत तग धरून होतं आणि पावसाळ्यात कुजलं. सावलीची जागा असेल तर राय आणि फेस्क्यू मिसळून पेरावं, असं मी आता सगळ्यांना सांगते. केंटकी ब्लूग्रास ट्रेमध्ये लावलं. दिसायला सर्वांत देखणं, जमिनीखालून पसरणारं, पण उगवायलाच दोन ते चार आठवडे खातं आणि अंग धरायला त्याहून जास्त. मुंबईची थंडी तेवढी थांबत नाही. इथे त्याच्यावर पैसे घालू नयेत.

फेब्रुवारीच्या शेवटी पानांवर राखाडी ठिपके आले, कडेला तपकिरी रेघ, टोकं पिळवटलेली. रोह्याच्या भावाला फोटो पाठवला, त्याचं लगेच उत्तर, "अगं, हा तर करपा!" भावाचं निदान बरोबर होतं. रायवरचा हा रोग आणि भातावरचा करपा एकाच जातीच्या बुरशीमुळे होतात, फक्त तिचे वाण वेगवेगळे. ते ठिपके दिसले तेव्हाच मी ठरवलं की आता रायला वाचवायचं नाही. खत बंद केलं. कापणीची उंची दर वेळी थोडी खाली आणली, पाच, मग चार, मग तीन, म्हणजे खालच्या हरळीला उजेड मिळावा. हे न करता राय गर्द ठेवत गेलं तर ते उन्हाळ्यात मरतं आणि त्याच्या सावलीत दडपलेली हरळीही तोवर मेलेली असते. दोन्हीकडून जागा जाते.

मार्चच्या मध्यावर मुंबईत उष्णतेची लाट आली, पारा ३९च्या आसपास. तोवर सूर्य उत्तरेकडे सरकला होता, सावली आखडली होती, मागच्या अंगणात दुपारचं ऊन थेट पडायला लागलं होतं. राय काही दिवसांत पिवळं पडलं आणि बसलं. ते दाताळ्याने ओढून काढलं तेव्हा खाली हरळीच्या काड्या ठिकठिकाणी पांढऱ्या, पण जिवंत होत्या, पेरांवर हिरवे डोळे फुटलेले. दोन खोल पाणी आणि एक हलका नत्राचा हप्ता, आणि एप्रिलअखेर जमीन पुन्हा तिची झाली. पेव्हर ब्लॉकचा विषय कमिटीत परत आला नाही. आजींना संकष्टीच्या दूर्वा घरच्याच मिळाल्या.

तेव्हापासून दर थंडीत हेच करतो आहोत, काही बदल करून. पेरणी आता नोव्हेंबरात करत नाही. डिसेंबर लागू देते, चार इंच खोल माती २२-२३ अंशांवर आली का ते साध्या थर्मामीटरने बघते आणि पुढच्या आठवड्याचा अंदाज कोरडा असेल तरच बी बाहेर काढते. चेंबरजवळची माती खणून खाली खडी भरली, निचरा सुधारला. बी दोन हप्त्यांत टाकते, निम्मं आधी आणि निम्मं दहाबारा दिवसांनी, म्हणजे अवकाळी पाऊस आलाच तर सगळं एकदम जात नाही.

उरलेलं बी कपाटात ठेवू नये. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत वर्षभरात त्याची उगवणशक्ती झपाट्याने उतरते. मी काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्या घालून, झाकण घट्ट लावून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवते, फ्रीजरमध्ये नव्हे. नोव्हेंबरच्या शेवटी त्यातले १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळायचे आणि दहा दिवसांनी मोड मोजायचे. ८५च्या वर आले तर चौरस मीटरला ४० ग्रॅमच. ७०च्या आसपास आले तर ५० ग्रॅम. त्याच्याही खाली गेले तर ते बी कडेच्या पट्टीला टाकायचं आणि मधल्या जागेसाठी नवीन मागवायचं.